राहून गेलेला 'न'

आमची रविवारची पुरवणी शनिवारी दुपारी दोन वाजता छपाईला सुटते. तिच्या तिसऱ्या पानावरचे डावीकडचे दोन कॉलम मोमीन सरांचे. शुक्रवारी लागलेला चित्रपट बघायचा, संध्याकाळी लिहायचा आणि शनिवारी अकराच्या ठोक्याला स्वतः कॉपी आणून द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. ई-मेल नाही, मोबाइलवर फोटो पाठवणं नाही. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर निळ्या शाईनं लिहिलेले तीन कागद ते खांद्याच्या कापडी पिशवीतून काढायचे, माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या मंजिरीबाई, विणून आणलंय. आता तुम्ही उसवा." त्या शनिवारी साडेअकरा झाले तरी सर आले नाहीत. मी पानावर दोन कॉलम मोकळे ठेवून बसले होते. पावणेबाराला फोन वाजला. भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी. "मंजिरी बेटा, आज सर येणार नाहीत," एवढंच म्हणाल्या. मी आपलं नेहमीच्या घाईत विचारलं, "बरं नाही का त्यांना? कॉपी घ्यायला मी कुणाला तरी पाठवते." त्या म्हणाल्या, "सुबह ही गए, बेटा. नमाज पढून खुर्चीत बसले, आणि गेले."

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. ज्या पुरवणीत सर वीसेक वर्षं लिहीत होते, तिनं त्यांच्यावर दुसऱ्याच आठवड्यात लेख छापायला हवा होता. वाचकांनी फोन करून तसं विचारलंही. लेख मीच लिहायचा होता आणि मीच तो पुढे ढकलत राहिले. कारण सरांबद्दल लिहायचं तर एक कबुली दिल्याशिवाय लिहिता येणार नव्हतं, आणि ती कबुली मी आठ वर्षं गिळून बसले होते. या शहरात आजही अनेक लोक सरांचं नाव निघालं की म्हणतात, "माणूस मोठा, पण त्या एका सिनेमाच्या वेळी मॅनेज झाला." तो सिनेमा कुठला, आणि सर मॅनेज झाले होते की नाही, हे स्वतः पाहिलेलं सांगू शकणारी माझ्याखेरीज आता कुणीही नाही.

हनीफ मोमीन मूळचे येवल्याचे. घरात पिढ्यानपिढ्या पैठणीचे माग. स्वतः मात्र नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. "मोमीन, आणि मराठीचे सर?" असं कुणी भुवया उंचावून विचारलं की ते अगदी शांतपणे म्हणायचे, "का हो? मागावर बसणाऱ्याच्या घरात काना-मात्रा मोजायची सवय जन्मापासून असते." खरी पैठणी उलट बाजूनंही सुलटीइतकीच सुबक दिसते, हे येवल्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरांनी हे सिनेमालाही लावलं होतं. ते प्रत्येक चित्रपट दोनदा बघायचे. पहिल्यांदा चारचौघांसारखा. दुसऱ्यांदा अगदी पहिल्या रांगेत, पडद्याकडे पाठ करून. म्हणजे खुर्चीत तिरके बसून मागे वळायचे आणि पूर्ण वेळ प्रेक्षकांचे चेहरे बघत राहायचे! कोण हसलं, कोण जांभई देतंय, कुठल्या क्षणी कुणाचा हात बटाटा वेफर्सच्या पाकिटात अर्ध्यावर थांबला, हे सगळं त्यांच्या परीक्षणात यायचं. मागून लोक ओरडायचे, "ओ काका, पिक्चर पुढं आहे, पुढं!" सर हात हलवून म्हणायचे, "माझा इकडे आहे." मी एकदा त्यांच्याबरोबर अशी बसले आणि मान अशी अवघडली की दोन दिवस शेक घ्यावा लागला.

लिहिण्यात त्यांचा एक हट्ट होता. 'करू नये', 'जाऊ नये' असं ते सहसा लिहीत नसत. 'न करावे', 'न जावे' असं लिहीत. नकार आधी. शाळेत मुलांना सांगायचे, "नाही म्हणायचं तर वाक्याच्या सुरुवातीलाच म्हणा. शेवटपर्यंत समोरच्याला लटकवत ठेवणं ही सभ्यता नाही." आम्ही पुरवणीवाले त्यांची यावरून चेष्टा करायचो. जुन्या वळणाचं वाटतं, असं म्हणायचो. दुसरी त्यांची खोड म्हणजे उपरोध. एखादा चित्रपट आवडला नाही तर ते त्याची अशी स्तुती करायचे, की निर्मात्यानं लाजून तोंड लपवावं. वाचकांना याची इतकी सवय झाली होती की सरांनी खरोखर कौतुक केलं तरी काही जण दोनदा वाचून खात्री करून घ्यायचे. हे दोन्ही मी मुद्दाम सांगतेय, कारण जे घडलं ते या दोन गोष्टींमुळेच एवढं बिघडलं.

आठ वर्षांपूर्वी 'नस्तीबंद' नावाचा मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक भूषण शेवाळे, कळवणचा. नाशिकला वसतिगृहात राहून शिकला, आणि मोमीन सरांचा विद्यार्थी. नस्ती म्हणजे सरकारी फाइल, आणि नस्तीबंद करणं म्हणजे एखादं प्रकरण संपलं असा शेरा मारून ती फाइल कायमची बांधून टाकणं. गोष्ट होती एका ग्रामीण रुग्णालयाच्या घोटाळ्याची. तीन गावांना मंजूर झालेली तीन रुग्णालयं, तिन्हींची उद्घाटनं झालेली, तिन्हींचे फीत कापतानाचे फोटो. रेकॉर्ड रूममधली एक साधी महिला कारकून ते तीन फोटो शेजारी शेजारी ठेवते, आणि तिला दिसतं की तिन्ही फोटोंत मागे एकच वाकडं निंबाचं झाड आहे! इमारत एकच, रंग बदलला, पाटी बदलली आणि मंत्रीही बदलला. मग ती फाइल नस्तीबंद व्हायच्या आत तिला बाहेर काढायची असते, आणि सगळं खातं ती बांधायला टपलेलं असतं. एवढीच गोष्ट. पण नाशिकात दोन्ही पक्षांच्या लोकांना हा चित्रपट समोरच्या पक्षावर आहे असं वाटत होतं, यावरून तो किती नेमका होता ते समजा.

मोठ्या शहरांतल्या परीक्षणांनी मात्र शुक्रवारीच त्याचा निकाल लावला. राजकीय थरारपट म्हणवतो आणि थरार कुठे आहे? नायक नाही, पाठलाग नाही, पिस्तूल नाही. संथ आहे. एकानं तर लिहिलं की फाइलीवर बसलेली धूळ बघण्यासाठी तिकीट काढायचं असेल तर जरूर जा. भूषणकडे जाहिरातीचं बळ नव्हतं. वितरकानं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, नाशिकला पहिला आठवडा गर्दी झाली तर पुढे मालेगाव, धुळे, जळगाव देतो. नाहीतर गुरुवारी उतरवतो. आणि नाशिकात लोक सरांचं वाचून ठरवायचे. सरांनी शुक्रवारी दोन्ही खेळ बघितले, एक पुढे तोंड करून आणि एक मागे. शनिवारी कॉपी आणली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. म्हणाले, "मंजिरी, ते तीन फोटो टेबलावर मांडते ना ती, चार मिनिटं कुणी काही बोलत नाही. मी मागे बघत होतो. एक माणूस हललेला नाही. एका बाईनं तर स्वतःच्या मुलाच्या तोंडावर हात ठेवला होता." मग जरा थांबून, "माझा विद्यार्थी आहे म्हणून लिहिलेलं नाही हां. उलट दोन चुका जास्तच काढल्यात."

शीर्षक होतं, 'न चुकवावा असा थरार'.

मी तेव्हा नोकरीत नवी होते. उमेदवारीचं वर्ष संपत आलं होतं. वणीला आमचं देवीच्या गडाच्या वाटेवर नारळ-ओटीचं दुकान. बाबांनी एका वर्षाची मुदत देऊन मला नाशिकला पाठवलं होतं. नोकरी कायम झाली तर ठीक, नाहीतर घरी यायचं आणि त्यांनी बघून ठेवलेल्या मुलाशी लग्न करायचं. आधीच्याच महिन्यात एका फोटोखाली चुकीचं नाव गेलं म्हणून माझ्याबरोबरच्या एकाला घरी बसवलं होतं. त्या शनिवारी दीड वाजता जाहिरातवाल्यांनी ऐनवेळी एक जाहिरात आणली आणि माझं दोन कॉलमांचं शीर्षक एका कॉलमात आलं. ठळक अक्षरात ते नीट बसेना. पहिल्या ओळीत एकटा 'न' लटकत राहिला आणि बाकी सगळं खाली. तो 'न' खालच्या ओळीत ओढायला मी गेले, तेवढ्यात बाबांचा फोन. "काय गं, झाली का कायम?" मी खांद्यानं फोन कानाशी दाबला आणि बोटानं काहीतरी दाबलं. शीर्षक बसलं. पानाचा प्रूफ हातात आला तेव्हा मी ते वाचलं, शपथेवर सांगते, 'न चुकवावा असा' असंच वाचलं. आपण काय लिहिलंय हे ठाऊक असलं की डोळे वाचतच नाहीत. मी सही करून पान सोडलं.

रविवारी सकाळी नाशिकच्या घराघरांत चहाबरोबर गेलं: 'चुकवावा असा थरार'. खाली मोमीन सरांचं नाव. आता खालचा मजकूर तर कौतुकाचा होता. पण वर असं शीर्षक, आणि लिहिणारे सर... लोकांनी सगळाच मजकूर उपरोध समजून वाचला. 'या चित्रपटात एकही गोळी सुटत नाही. एक शिक्का उठतो आणि आपण दचकतो', असं सरांनी मनापासून लिहिलं होतं. दहा वाजेपर्यंत त्या वाक्याचा फोटो माझ्याच मोबाइलवर तीनदा आला, खाली हसून लोटपोट झालेले चेहरे आणि 'सरांनी काय सोलून काढलाय!' बरं, सरांनी शुक्रवारी थेटराबाहेर येऊन चार लोकांना 'जरूर बघा' असं तोंडानं सांगितलेलंही होतं. मग दुपारपर्यंत दुसरी कुजबूज सुरू झाली, की शुक्रवारी चांगला होता तो रविवारी वाईट कसा झाला? नक्की कुणाचा तरी फोन गेला असणार. शेवटी मोमीन सरपण मॅनेज झाले!

सोमवारी मी ऑफिस उघडायच्या आधीच दारात उभी होते. खोटं कशाला बोलू, मनात एकच आशा होती. कॉपीतच तो 'न' नसावा. सरांच्या हातून राहिला असावा. छापून झालेल्या कॉप्यांच्या खोक्यातून मी तिचा पहिला कागद काढला. उत्तरपत्रिकेची पाठ, निळी शाई, आणि सगळ्यांत आधी टपोरा, वळणदार 'न'. मी तो कागद हातात धरून उभी असतानाच सर आत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी त्याची घडी घातली, पिशवीत टाकली आणि सरळ आमचे तेव्हाचे पुरवणी-संपादक दीक्षित साहेब यांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. साहेब ओरडत होते, "कुणाची चूक आहे ही? मला कॉपी दाखवा!" सर म्हणाले, "कॉपी मी फाडून टाकली, साहेब. लाज वाटली. माझ्याच हातून 'न' राहिला." तीस वर्षं मुलांचे काना-मात्रा तपासलेला माणूस! साहेबांचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी विषय तिथेच संपवला. चुकीची दुरुस्ती छापा म्हणून सरांनी आग्रह धरला, तर म्हणाले, "पुरवणीची दुरुस्ती पुरवणीतच, म्हणजे पुढच्या रविवारी. तोवर सिनेमा उतरलेला असेल. आणि आता दुरुस्ती छापली तर लोक म्हणतील, उलटा दबाव आला." मी दाराबाहेर उभी होते. आत जायला चार पावलं होती. मी ती टाकली नाहीत.

जिन्यात मी सरांना गाठलं. "सर, मी सांगते साहेबांना." ते पायरीवर थांबले. "तुझं कायम व्हायचं पत्र कधी आहे?" "पुढच्या महिन्यात." "मग आधी कायम हो. नंतर बघू." पुढच्या महिन्यात पत्र आलं. बाबांनी वणीत पेढे वाटले. आणि ते 'नंतर' काही आलं नाही... दर वर्षी वाटायचं आता सांगू, आणि दर वर्षी सांगणं आदल्या वर्षापेक्षा जास्त लाजिरवाणं होत गेलं. चित्रपट त्या गुरुवारी उतरला. धुळे नाही, जळगाव नाही. भूषण मुंबईला निघून गेला आणि मालिकांची कामं करू लागला, असं कानावर यायचं. सरांशी त्यानं बोलणं टाकलं.

सर मात्र लिहीत राहिले. फरक एवढाच, की त्यानंतरच्या प्रत्येक कॉपीत जिथे जिथे 'न' असे, तिथे ते लाल शाईनं छोटं वर्तुळ करून आणायचे. माझ्याकडे न बघता कागद ठेवायचे. पहिल्यांदा मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. पाच-सहा महिन्यांनी मी धीर करून म्हटलं, "सर, आता मला 'न' दिसतो." ते हसून म्हणाले, "तुझ्यासाठी नाही गं. माझी सवय झाली." मी त्यांच्याकडून काय काय शिकले याची यादी करत बसत नाही. पण आज आमच्याकडे नवी मुलं येतात, त्यांना मी शीर्षक मोठ्यानं, बोट ठेवून, उलट्या क्रमानं वाचायला लावते. ती तोंड वाकडं करतात. मी कारण सांगत नव्हते, आता कळेल त्यांना.

आणखी एक गोष्ट सर करत होते, ती मला अर्धीमुर्धीच माहीत होती. निर्मात्याकडून रीतसर परवानगी घेऊन त्यांनी 'नस्तीबंद' स्वतः गावोगाव दाखवायला सुरुवात केली होती. शाळेकडून मागून आणलेला प्रोजेक्टर, भाभींनी शिवलेला दुहेरी चादरीचा पडदा, आणि एस.टी.चा प्रवास. रविवारी सकाळी कुठल्यातरी वाचनालयात, शाळेच्या वर्गात, लग्नाच्या हॉलमध्ये. एकदा वणीला दाखवला तेव्हा मी घरी होते म्हणून गेले. चित्रपट संपल्यावर मागून एक आजीबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आरं, आपल्या दवाखान्याचं उद्घाटन कितींदा झालं रं? कोनाकडं फोटो हायेत का?" हॉलभर हशा पिकला. पण दोन तरुण पोरं खरोखरच फोटो शोधायला निघाली. सर चादर घडी करत मला म्हणाले, "बघ, लागला की नाही दुसरा आठवडा?" त्यांच्या आवाजात मला कुठेही कडवटपणा ऐकू आला नाही. मीच तो शोधत होते.

ते गेले त्या दिवशी मी दुपारी त्यांच्या घरी पोहोचले. बायका आत भाभींजवळ बसल्या होत्या, मीही बसले. खिडकीतून रस्ता दिसत होता. पलीकडच्या बाजूला भूषण उभा होता. किती वर्षांनी पाहिला, कानशिलं पांढरी झालेली. आत आला नाही, आणि गेलाही नाही. जनाजा निघाला तेव्हा सगळ्यांत मागे, दोन हात अंतर ठेवून, चालत गेला. 

सरांचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी मला बोलावलं. सरांची खोली तशीच होती. खुर्ची, भिंतीवर अडकवलेली पिशवी, कोपऱ्यात गुंडाळलेला पडदा. भाभींनी कपाटातून एक पुठ्ठ्याची फाइल काढली, लाल नाडीनं बांधलेली. "ये तेरी है, बेटा. म्हणायचे, मंजिरीनं मागितली तर दे, नाही मागितली तर तिच्या हातात ठेव." वर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नस्तीबंद'. मला वाटलं चित्रपटाची कात्रणं असतील. नाडी सोडली तर आत दोनच कागद. एक कॉपीचा तो पहिला कागद, फाडला म्हणून सांगितलेला, अजून घडीसकट. दुसरं आमच्या पुरवणीचं कात्रण, आणि त्यात शीर्षकाच्या सुरुवातीला लाल शाईत एक काकपद. कावळ्याच्या पावलासारखी ती खूण आता नव्या मुलांना माहीत नसते. लिहिताना राहून गेलेलं अक्षर वर लिहायचं आणि ती खूण करून आत घ्यायचं. शाळेत सर म्हणायचे म्हणे, राहिलं म्हणून खाडाखोड करून पान खराब करायचं नाही, काकपद द्यायचं आणि पुढे लिहायचं. काकपदाच्या वर तो 'न' होता, तसाच टपोरा. मला कळलं की फाइलीवरचं नाव चित्रपटाचं नव्हतं. तो शेरा होता. प्रकरण संपलं, बांधून ठेवलं, मंजिरीवर काही नाही... आणि तरी नाडी माझ्याच हातात दिली होती. मी तिथेच भाभींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुझे मालूम था. पण तू सांगशील की नाही, याची आम्ही दोघं शर्यत लावायचो. ते म्हणायचे, सांगेल." सर जिंकले होते, आणि मी त्यांना ते बघू दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी फाइल घेऊन कळवणच्या एस.टी.त बसले. गाडी वणीला थांबली, बाबांचं दुकान खिडकीतून दिसलं, मी उतरले नाही. उतरले असते तर पुढे गेले नसते, हे मला ठाऊक होतं. भूषण आईकडे आलेला होता. मी ओसरीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं, जाहिरात, एकटा 'न', बाबांचा फोन, जिना, सगळं. मग फाइल त्याच्यापुढे ठेवली. त्यानं कॉपीच्या कागदाची घडी उघडली. "त्या रविवारी दुपारी सर थेटरापाशी आले होते," तो म्हणाला. "मला म्हणाले, भूषण, माझा 'न' राहिला रे. मी म्हटलं, राहिला, का कुणी ठेवून घेतला? चारचौघांत म्हटलं. सर नुसते म्हणाले, राहिलाच." एवढं बोलून तो उठला, अंगणात गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

त्याची आई इतका वेळ उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती अहिराणीत म्हणाली, "सर अठे पिक्चर दाखाडाले येत. मी विचारं, पिक्चर चांगला शे ना सर, मंग तुम्ही असं काबरं लिखं? ते म्हनेत, चुकनं मन्हं, ताई." तिनं पदरानं डोळे पुसले. "त्या मानूसनी आमले एकदाबी सांगं नही, चूक दुसरानी शे." येतील तेव्हा ती सरांना वरण-बट्टी खाऊ घालायची आणि मुलाला ते कळू द्यायची नाही. घराघरांत अशी एकेक फाइल बांधलेली असते, काय करणार.

भूषण परत आला तेव्हा मला वाटलं, आता चार शब्द सुनावेल. माझी तयारी होती. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्या वेळी सांगितलं असतं तर पिक्चर चालला असता का?" मी म्हटलं, माहीत नाही. "मलाही माहीत नाही. पण मी सरांशी बोलत राहिलो असतो." मग कागदाची घडी नीट करत, "हे लिहा. जसं घडलं तसं. मी काय बोललो तेही लिहा, माझं झाकू नका. ज्या पेपरात सरांचं नाव गेलं, त्याच पेपरात परत यायला पाहिजे." परत निघताना त्याच्या आईनं बळेच वरण-बट्टी वाढली. मी दोनदा घेतली. आठ वर्षांत मला इतकी भूक लागल्याचं आठवत नाही.

आता थोडं आजचं. सरांचा पडदा आणि प्रोजेक्टर भूषण कळवणला घेऊन गेला आहे. भाभींनी चादरीची उसवलेली कड शिवून दिली. त्याचा दुसरा चित्रपट लिहून झाला आहे. त्यातही पिस्तूल नाही, असं तो मला हसत सांगत होता. आणि पुढच्या रविवारी सकाळी गंगापूर रोडवर, सरांच्या शाळेच्या सभागृहात, 'नस्तीबंद' दाखवणार आहे. तिकीट नाही. भाभी येणार आहेत, भूषणची आई येणार आहे, आणि मी आमच्या बाबांनाही बोलावलं आहे. त्यांना हा लेख वाचूनच सगळं कळेल. मी पहिल्या रांगेत, पडद्याकडे पाठ करून बसेन. ती तीन फोटोंची चार मिनिटं मला तुमच्या चेहऱ्यांवर बघायची आहेत. मान अवघडेल, हरकत नाही.

हा लेख मी मुद्दाम तिसऱ्या पानावर, डावीकडच्या दोन कॉलमांत घेतला आहे. सरांची कॉपी समोर टेबलावर आहे, उत्तरपत्रिकेची पाठ, निळी शाई. पान सोडण्याआधी मी ती बोट ठेवून, मोठ्यानं वाचली. आठ वर्षांपूर्वी याच जागी जे शीर्षक छापलं गेलं, ते चुकीचं होतं. चूक माझी होती. हनीफ मोमीन यांनी लिहिलं होतं:

न चुकवावा असा थरार.